काळ्या ओट्याची निगा

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारकीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. मास्तरांना नमस्कार सांग. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी सकाळी उठून घरातल्यांची हजेरी घेतात की सुटली सवय? लंब्याला आणि सूनबाईला आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. फोनवर बोलायला लागलो की दुसऱ्या वाक्याला तू मला तोडतेस आणि चौथ्या वाक्याला मी चिडते, त्यामुळे आपलं हे पत्रांचंच बरं चाललं आहे. कागदाला मध्येच बोलता येत नाही.

मी ठीक आहे. जिना चढताना दोनदा थांबते, एवढंच. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं दगडाची भुकटी ओढलीत, ती छातीत बसली आहे. मी म्हटलं, बसू दे, तिला तरी कुठे जायचंय. ते हसले नाहीत. आपल्या दगडांच्या कारखान्यात जायला बंदी आहे, आणि थिनर किंवा पॉलिश यांचा वासही घ्यायचा नाही. म्हणून तुझ्याकडे यायचं तीन वर्षं राहून गेलं. तू त्यावरून पत्रात तीनदा टोमणा मारलास, तो तिन्ही वेळा पोचला.

आता ओट्याचं. शेगडीच्या कडेला आणि सिंकच्या पुढे राखाडी पट्टे आलेत, हातभर झालेत आणि घासले की वाढतात, असं तू लिहिलंस. आधी घासणं बंद कर. काथ्या, तारेची घासणी, पावडर यांतलं काहीही ओट्याला लावायचं नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाक, मऊ फडकं पिळून घे आणि पूस. मग स्वच्छ पाण्याचं फडकं आणि शेवटी कोरडं. तिसरं फडकं आळसाने टाळू नकोस, पाणी वाळताना त्यातला क्षार दगडावरच बसतो. तेलाचा डाग असेल तर खायच्या सोड्याचा पाणी घालून घट्ट लगदा कर, बोटभर जाड थाप, वरून प्लॅस्टिक चिकटव आणि एक दिवस विसरून जा. लगदा तेल ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी लाकडी उलथन्याने काढून टाक.

आणखी एक बघ. ओट्यावर कुणी लिंबू कापतं का? व्हिनेगर सांडतं का? किंवा कुणी स्पिरिटने वगैरे पुसतं का? स्वयंपाकघरात नवीन हात आला आहे, तिच्या सवयी वेगळ्या असतील. सहज म्हणून लिहिलं.

इकडे माझ्या खिडकीसमोर तीन मजली इमारत उठते आहे. दिवसभर कटर ओरडत असतो. पाणी न लावता कापतात, मूर्ख. मी कापणाऱ्याला वरून ओरडते आणि मग खिडकी लावून घेते. तो मला हात हलवून दाखवतो, त्याला वाटतं मी चौकशी करते आहे.

जपून राहा. पत्र लिही.

तुझी,
ताई


ता. १९ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

तू लिहितेस, "ताई, तू म्हणालीस म्हणून माझे डोळे उघडले." सूनबाई सकाळी ड्युटीवर जाण्याआधी ओट्यावरच लिंबू कापते, हे तू चार दिवस दाराआडून बघितलंस. रात्रपाळीहून आली की इस्पितळातल्या सवयीने स्पिरिटचा बोळा घेऊन ओटा पुसते, हेही बघितलंस. मग रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना तिला म्हणालीस, "माझ्या बापाने दिलेला ओटा. वीस वर्षं मी त्याच्यात तोंड बघत होते. तू अडीच वर्षांत त्याची राख केलीस." ती उठली. ताट उचललं, घासून ठेवलं आणि खोलीत गेली. आणि आता लंब्याने इस्पितळाजवळ दोन खोल्या बघितल्या आहेत, एक तारखेला दोघं जाणार. मास्तर दोघांशीही बोलतात आणि तुझ्याशी बोलत नाहीत.

बारके, त्यांना थांबव.

एका लिंबाने एवढं होत नाही. दगड जुना झाला की त्याचा रंग थोडा उतरतो. मी जे लिहिलं ते उगाच, मनात आलं म्हणून लिहिलं होतं. मुलगी चांगली आहे. लग्नानंतर तुम्ही सगळे माझ्याकडे आला होतात तेव्हा तिने माझी पाठ ऐकली होती, आठवतंय? कान लावून. मग मला न विचारता खिडकी उघडली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही या खोलीत झोपू नका, इथे अजून भुकटी आहे." चाळीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी खोली बदलली.

तिला चार गोड शब्द बोल. तुझं तोंड झिजणार नाही.

तुझी,
ताई


ता. २५ फेब्रुवारी

बारके,

काल तुझं उत्तर आलं. चार ओळी. "तू तिची बाजू घेऊ नकोस. जाते तर जाऊ दे. तू फक्त एकदा ये आणि तुझा दिवस कर, म्हणजे ओटा होता तसा होईल. मग मला काही नको."

माझा दिवस. लंब्याने ठेवलेलं नाव, 'दगडमावशीचा दिवस'. वर्षातून एकदा मी माझी पिशवी घेऊन यायचे, तुम्हा सगळ्यांना सकाळी घराबाहेर काढायचे, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणाला आत येऊ द्यायचे नाही. तुम्ही बाहेर जेवायचात. लंब्या तर आदल्या आठवड्यापासून दिवस मोजायचा. परत आलात की ओटा पाण्यासारखा काळा चमकत असायचा. तू शेजारणींना बोलावून दाखवायचीस, "माझी ताई दर वर्षी येऊन हाताने करते. असं माहेर कुणाला असतं?" मी तिथे उभी राहून ऐकायचे.

हे पत्र मी सकाळपासून तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली. दोनदा फोनही लावला आणि तू उचलायच्या आत ठेवला. आता आडपडदा न ठेवता लिहिते. शेवटपर्यंत वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझ्या ओट्याचा दगड काळा नाही. तो राखाडी आहे. त्याला मी रंग लावला होता.

बाबांनी तुझ्यासाठी ठेवलेला काळा दगड खरा होता. तू शाळेत होतीस तेव्हापासून कारखान्याच्या मागच्या भिंतीला गोणपाटात गुंडाळून उभा होता. तो ज्या खाणीतला, तिथला तसला काळा दगड पुढे संपला, म्हणून ते त्याला कुणाला हातही लावू देत नसत. तुमचं घर पुरं होत आलं तेव्हा बाबा दुसऱ्या गावी एका जिन्याचं माप घ्यायला गेले आणि दगड कापून पॉलिश करायचं काम मला सांगून गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "थोरलीच्या हातून आजवर एक दगड फुटलेला नाही." ते खरंच होतं, आणि मला त्याचा फार ताठा होता.

मी सिंकचं भोक कापलं. चारी कोपरे गोल काढले, जसे काढायचे तसे. कडा घासली. पॉलिश असं चढलं की मला त्यात माझ्या नाकावरची भुकटी दिसत होती. तू चार वाजता बघायला येणार होतीस. मला वाटलं, अंगणात उन्हात मांडावा. तू फाटकातून येशील आणि वाकलीस की तुझंच तोंड तुला दिसेल.

सिंकचं भोक पडलेला दगड आडवा उचलत नाहीत. भोकाच्या पुढे चार बोटं रुंद पट्टी उरते, सगळा भार तिच्यावर येतो. म्हणून दगड कडेवर उभा धरून नेतात. बाबांनी हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण उभा नेला असता तर अंगणात तो परत आडवा करावा लागला असता, पॉलिशला ओरखडा पडला असता. मी हमालाला म्हटलं, "दहा पावलं तर आहेत, आडवाच उचल." सातव्या पावलाला आवाज झाला. ताटली फुटावी एवढाच आवाज, फार मोठा नाही. पट्टी तुटली आणि तिथून चीर थेट मागच्या कडेपर्यंत गेली.

तू चार वाजता आलीस. मी दारातच तुला अडवलं आणि म्हटलं, "पॉलिश बाकी आहे, आज बघू नकोस, दृष्ट लागेल." तू हसलीस आणि गेलीस.

त्याच जाडीचा एक राखाडी ग्रॅनाइट मागे पडून होता. तो मी कापला, दोन दिवस उन्हात तापवला, थिनरमध्ये काळा रंग कालवून कपड्याने चोळला, सुकला की परत चोळला, आणि वरून काळं मेण दिलं. धंद्यात काही लोक हे करतात. बाबा अशा लोकांना दारात उभं करत नसत.

बाबा आले, दगड बघितला. खालच्या कडेला, जिथे रंग नीट पोचत नाही तिथे, अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघितलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. ते एवढंच म्हणाले, "थोरले, हा दगड आता तू सांभाळायचा." मग जाऊन त्यांनी तो स्वतःच्या हाताने तुझ्याकडे बसवला. ते गेले तोवर या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही.

मी सांभाळला. एकोणीस वर्षं. रंग दर वर्षी थोडा जायचा आणि मी येऊन तो परत भरायचे. दार लावायचे कारण थिनरचा वास यायचा, आणि कारण माझं फडकं काळं झालेलं तुम्हाला दिसायला नको होतं. ती फडकी मी पिशवीत घालून परत घेऊन जायचे. मी तुझ्याकडे तुला भेटायला यायचे का रंग लावायला, असं तू विचारलंस तर मला धड उत्तर देता येणार नाही. आदल्या रात्री तुझ्या शेजारी अंथरुणावर पडून गप्पा मारायचे ते मनापासून होतं. सकाळी उठून दार लावायचे तेही मीच होते.

नंतर छातीने दगा दिला आणि यायचं बंद झालं. त्यानंतर सहा महिन्यांत तुझ्या घरी सून आली. ओटा तिच्यामुळे गेला नाही, बारके. मी आले नाही म्हणून गेला.

आता नीट ऐक. खऱ्या काळ्या ग्रॅनाइटवर लिंबू कापलं आणि लगेच पुसून घेतलं तर त्याला काही होत नाही. स्पिरिटने तर मुळीच होत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी मी सांगीन. तरी मी पहिल्या पत्रात लिंबू लिहिलं, स्पिरिट लिहिलं, "नवीन हात" लिहिलं. ती नर्स आहे आणि ती कशाने पुसत असेल हे मला ठाऊक होतं. सहज लिहिलं, असं मी म्हटलं. सहज नव्हतं. तुझं लक्ष माझ्यावरून हलावं म्हणून लिहिलं. तू त्या मुलीवर घसरशील इतकं पुढचं मी बघितलं नाही, किंवा बघितलं आणि कानाडोळा केला. मला त्याची शरम वाटते. इतकी शरम मला दगड फुटला तेव्हाही वाटली नव्हती.

आणि तुझं स्वतःचं ऐक. दर पत्रात तू लिहायचीस, मीच कुठे कमी पडते का, मी दोन वेळा पुसते, तीन वेळा पुसते. तू कमी पडली नाहीस. तू जितकी निगा ठेवलीस तितका रंग निघाला. एखाद्या गबाळ्या बाईच्या घरी तो अजून काळा राहिला असता. तुम्ही दोघी सासू-सुना सारख्याच स्वच्छ, म्हणून तो दुप्पट वेगाने उघडा पडला.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आता माझ्या शब्दावर कुणी जावं अशी मी राहिले नाही. एक पांढरं फडकं घे, त्यावर नखांचं पॉलिश काढायचं औषध ओत आणि शेगडीच्या मागे, जिथे तुमचा कुणाचा हात जात नाही, तिथे घास. फडकं काळं होईल. तो तुमचा मळ नाही, माझा रंग आहे.

आणि हे सूनबाईसमोर कर. तिला जिथे बोललीस तिथेच, मास्तर आणि लंब्या असताना हे पत्र मोठ्याने वाच. एक तारखेच्या आत. मी कुरिअरने पाठवते आहे, परवा मिळेल. पत्र कपाटात ठेवलंस तर मला कळणारही नाही, पण ती मुलगी त्या घरातून न केलेली चूक डोक्यावर घेऊन जाईल. एक माणूस तसं बावीस वर्षं जगलं तर काय होतं ते मी बघितलं आहे. फक्त माझी चूक केलेली होती.

ओट्याचं काय करायचं ते तू ठरव. उखडून टाकायचा असेल तर टाक. ठेवायचा असेल तर सांगते. त्याच औषधाने, खिडक्या उघड्या ठेवून, एका वेळी हातभर जागा पुसायची आणि फडकं पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग दोन दिवस कोरडा ठेवायचा. त्यावर दगडात पाणी मुरू न देणारं सीलर लावायचं, बिनरंगी, कुठल्याही फरशीच्या दुकानात मिळतं. राखाडी दगड काळ्यापेक्षा जास्त पाणी पितो. वर्षातून एकदा त्याच्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बघ. थेंब गोल उभे राहिले तर ठीक, दगडात उतरून डाग दिसला तर परत सीलर. याला माझी गरज नाही. दारही लावावं लागत नाही.

मी फोनजवळ बसून राहणार नाही. तू फोन करणार नाहीस हे मला माहीत आहे.

ताई


ता. ७ मार्च

बारके,

तुझं पाकीट काल आलं.

पत्ता तुझ्या अक्षरात नव्हता. गोल, सुटं अक्षर होतं, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं. माझ्या नावाच्या जागी "दगडमावशी" आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुझ्या घरचा पत्ता. वर टपालाचा शिक्का चार तारखेचा. तो शिक्का मी खिडकीपाशी उजेडात धरून बघितला, पुन्हा पुन्हा. एक तारीख होऊन गेली आणि सूनबाई तिथेच आहे. धाप लागली होती, पण ती जिन्याची नव्हती.

आत पट्टी होती, इस्पितळातली, जखमेवर बांधतात ती पांढरी जाळीची. घडी घातलेली. उलगडली तर मधोमध काळी. माझा रंग. बावीस वर्षांनी तो मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातातून आलेला बघितला.

आणि त्यात तुझी चिठ्ठी. दोन वाक्यं. "अर्धा ओटा पुसून झाला. उरलेला तुझ्यासाठी ठेवला आहे."

हे बोलावणं आहे की शिक्षा, ते मी विचारणार नाही. दोन्ही असेल तरी चालेल. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. डॉक्टरांना विचारलं नाही, त्यांना माझे विनोद कळत नाहीत तर हे कुठून कळणार. सूनबाईला सांग, ती तोंडावर बांधायला जे देईल ते मी निमूटपणे बांधेन आणि ती म्हणेल तेव्हा थांबेन. पण या वेळी कुणाला बाहेर काढू नका. मास्तरांना खुर्ची टाकून बसू दे, लंब्याला दारात उभं राहू दे. सगळ्यांनी बघावं. मी थांबत थांबत पुसणार, अर्ध्या ओट्याला पूर्ण दिवस लागेल.

पिशवीत या खेपेला फक्त पांढरी फडकी आणते आहे.

चिठ्ठीत तू कुठेच मला ताई म्हटलं नाहीस. मी उलटसुलट करून बघितलं, मागच्या बाजूलाही नाही. ते बरोबरच आहे. म्हणून मीही आज खाली ते लिहीत नाही. ओटा पुरता पुसून झाला आणि तुझ्या तोंडून आपणहून निघालं, तर निघू दे. नाही निघालं, तरी संध्याकाळी फडकी धुऊन तुझ्या दोरीवर वाळत घालूनच मी परत निघेन.

बाबांची थोरली